बागेतले १२ व्होल्टचे जुने दिवे आणि काळ्या मातीतले जोड

शेवटचे दोन दिवे मिणमिणतात, मधला एक बंदच, आणि पाऊस लागला की अख्खी लाइन मान टाकते. परभणी-नांदेडकडच्या काळ्या रानात आठ-दहा वर्षांपूर्वी घातलेल्या लो-व्होल्टेज दिव्यांचं रडगाणं बहुधा असंच असतं. मग लोक बल्ब बदलतात, ट्रान्सफॉर्मर बदलतात, पैसे जातात आणि दुखणं तिथंच राहतं. ते जमिनीतल्या जोडात असतं.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या ओढाताणीत केबल सरकते, आणि ताण येतो सगळ्यात कच्च्या जागी: तारा पिळून वर काळी टेप गुंडाळलेल्या जोडावर. टेपखाली ओल गेली की तांबं आधी हिरवट पडतं, मग काळं. असा जोड सोलून बघा, निम्मे धागे चिमटीत भुगा होऊन गळतात. उरलेल्या चार धाग्यांवर सगळा भार येतो आणि जोड तापत राहतो. पुढच्या दिव्यांना व्होल्टेज उरत नाही.

म्हणून आधी मीटर, मग कुदळ. मल्टिमीटर एसी २०० व्होल्टच्या रेंजवर ठेवा आणि सगळे दिवे चालू असताना मोजा. लोड नसताना सडक्या जोडापलीकडंही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, तिथंच फसगत होते. पहिलं रीडिंग ट्रान्सफॉर्मरच्या २३० बाजूचं घ्या, पण तेवढ्यापुरती रेंज २०० च्या वरची, ६०० किंवा ७५० ची ठेवा. गावात त्या वेळी १९० व्होल्टच येत असतील तर १२ च्या जागी ९.९ च मिळणार, त्यात ट्रान्सफॉर्मरचा दोष नाही. मग १२ व्होल्टच्या टर्मिनलवर, आणि तिथून एकेका दिव्यापाशी मोजत जा. शेजारच्या दोन दिव्यांमध्ये एकदम दीड-दोन व्होल्ट पडले तर खराब जोड त्यांच्या मधेच आहे. तेवढाच पट्टा खणा. थोडं थोडं करत सगळीकडेच कमी होत गेलं तर केबल बारीक आहे.

हिशेब सोपा आहे. दीड चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०१३ ओहम. दिवे २० मीटरवर असले तरी करंट जाऊन परत येतो, म्हणजे ४० मीटर, साधारण ०.५३ ओहम. टोकाला २० वॉटचे तीन हॅलोजन म्हणजे ५ अँपिअर, आणि वाटेतच २.७ व्होल्ट गेले. अडीच चौरस मिमीत हीच घट १.६ व्होल्टवर येते. त्याच जागी ५ वॉटचे तीन एलईडी बसवले तर जुन्याच दीड मिमीत ती पाऊण व्होल्टच्याही आत राहते. केबल उकरण्यापेक्षा हा उपाय स्वस्त पडतो.

मात्र ट्रान्सफॉर्मर कोणता आहे ते आधी बघा. जड, लोखंडी गाभ्याचा असेल तर १२ व्होल्ट एसीवर चालणारे एलईडी बिनधास्त लावा. हलक्या डबीतल्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला मात्र ठरावीक किमान लोड लागतो. एलईडीवर तो लुकलुकतो किंवा सुरूच होत नाही. त्याचं आउटपुट हाय फ्रिक्वेन्सीचं असल्यामुळं साधा मीटरही तिथं चुकीचा आकडा दाखवतो. तिथं चांगला हॅलोजन बल्ब लावून तपासायचं.

एक धोका बऱ्याच वायरमनच्याही लक्षात येत नाही. वर हिशेब केलेल्या त्याच दीड मिमीच्या केबलमध्ये टोकाला शॉर्ट झाला तर १२ व्होल्टच्या बाजूला २२ अँपिअर वाहतात, पण २३० च्या बाजूला जेमतेम १.२. सहा अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) पडतच नाही आणि केबल जमिनीत भाजत राहते. म्हणून १२ व्होल्टच्या बाजूला प्रत्येक लाइनला वेगळा फ्यूज हवाच. गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातला १० अँपिअरचा पात्याचा फ्यूज होल्डरसकट चालतो. मेनच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) लावा, आणि मेन बंद केल्याशिवाय ट्रान्सफॉर्मरचं झाकण उघडू नका.

आता जोड. शक्यतो तो मातीत ठेवूच नका. दिव्याच्या खांबात किंवा जमिनीवर वीतभर उंच डबीत घ्या. जोड जमिनीत पुरावाच लागला तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर मागं कापा. काळेपणा इन्सुलेशनच्या आत बराच लांब गेलेला असतो, तिथं कंजुषी नको. आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) आधीच ओवून ठेवा, तारा पिळून डाग (सोल्डर) द्या, आणि दोन्ही तारांचे जोड समोरासमोर न ठेवता दोन इंच मागंपुढं घ्या. दोन्ही टोकांतून गोंद बाहेर येईपर्यंत स्लीव्ह तापवा, मग दोन्हींवर मिळून एक मोठी स्लीव्ह घाला. दोन्ही बाजूंना फूटभर केबल ढिली, वेटोळं करून सोडा, म्हणजे माती सरकली तरी जोडाला ओढ बसत नाही. वापसा आल्यावर दीड फूट चर खणा आणि खालीवर दोन-दोन इंच वाळू घाला.

दिव्यात पाणी साचत असेल तर कडक झालेलं रबर बदला, पण तळाचं छोटं भोक बुजवू नका. आतली वाफ तिथूनच निघते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं, न्यूट्रल प्रकारचं मागा.

काम झाल्यावर सगळे दिवे लावून पुन्हा मोजा आणि प्रत्येक दिव्याचं रीडिंग तारखेसह ट्रान्सफॉर्मरच्या झाकणाला आतून लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात एखादा आकडा घसरलेला दिसला की कुठं खणायचं ते लगेच कळतं.