घोड्यासारखा खाणारा बाबा आणि आमच्या आईचं घुबड

परवा रात्री लेकीला पुस्तक वाचून दाखवताना मी एका ओळीवर असा काही अडकलो की माझी आई, म्हणजे तिची आजी, हातातली माळ तशीच ठेवून बाहेर आली. पुस्तक अँथनी ब्राऊनचं, 'माय डॅड'. इंग्रजी आहे, पण लेक पाच वर्षांची, तिला मराठीतच सांगावं लागतं, त्यामुळे डोळ्यासमोर इंग्रजी आणि तोंडाने मराठी असा धंदा मी रोज रात्री करतो. तर त्यात एक पोरगं आपल्या बाबाचं कौतुक करतंय, माझा बाबा माशासारखा पोहतो, घोड्यासारखा खातो. माशाचं ठीक आहे, पण घोड्यासारखा खातो? आपल्याकडे माणूस घोड्यासारखा फार तर वाढतो, "घोड्याएवढा झालास तरी अक्कल नाही" हे मी स्वतः पंचविशीपर्यंत ऐकलंय. खाणारा म्हणजे आपला बकासुर. म्हणून मी ठोकून दिलं, माझा बाबा बकासुरासारखा खातो. लेकीने चित्रावर बोट ठेवलं. "अरे बाबा, हा तर घोडाय." बरं बाई, घोडा.

पुढे आलं, माझा बाबा घुबडासारखा शहाणा. आणि तिथे माळ थांबली.

"घुबडासारखा शहाणा? कुणी लिहिलंय हे?"

आईचं माहेर पाटणच्या बाजूला डोंगरात. तिकडे घुबडाला दगड मारायचीसुद्धा बंदी, का तर ते दगड उचलून नेतं आणि उगाळत बसतं, दगड जसजसा झिजेल तसतसा मारणारा माणूस झिजत जातो. हे सगळं तिने तिथल्या तिथे, रात्री साडेनऊला, पाच वर्षांच्या पोरीला सांगितलं. पोरगी खूष. पुस्तक गेलं बाजूला, पुढची वीस मिनिटं घुबड दगड कशावर उगाळतं यावर चर्चा (सहाणेवर, असं ठरलं).

पण त्या पुस्तकाबद्दल सांगायचंच आहे मला. त्यातल्या बाबाच्या अंगात सगळ्या पानांवर एक चौकड्यांचा जुना गाऊन आहे, घरात थंडीत घालतात तसला. बाबा लांडग्याला हाकलतोय, गाऊन. तारेवरून चालतोय, गाऊन. घोडा झाला तरी गाऊन, मासा झाला तरी त्याच चौकड्या. पहिल्यांदा मला वाटलं चित्रकाराचा गमतीशीरपणा असेल. नंतर कळलं की ब्राऊन सतरा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले, आणि पुढे कित्येक वर्षांनी आईच्या घरातल्या एका सुटकेसमध्ये त्याला त्यांचा जुना गाऊन सापडला. तो हातात घेतल्यावर तो परत लहान झाला म्हणे, ज्याला आपला बाप काहीही करू शकतो असं वाटतं तेवढा लहान. पुस्तक आलं 2000 साली. म्हणजे ते जे पोरगं बोलतंय ना, ते खरं तर पन्नाशीतला माणूस आहे. हे कळल्यापासून ते पुस्तक मला नीट वाचताच येत नाही, घसा धरतो आणि लेक विचारते "बाबा तुला सर्दी झालीय का".

आता जूनमध्ये फादर्स डे आला की दुकानात बाबांवरच्या पुस्तकांचा ढीग लागतो. बाबा सुपरहिरो, बाबाला लाल केप, बाबा जगात बेस्ट. लेकीच्या वाढदिवसाला अशी दोन आली होती, एक तर चकाकी लावलेलं, हाताला आठवडाभर चकाकी. वाईट नाहीत, पण ती पोरांसाठी नसतात, ती बाबांसाठी असतात. बाबाने घ्यायची, वाचायची आणि आपली पाठ आपणच थोपटायची. लेक एकदा ऐकते आणि बाजूला ठेवते. 'माय डॅड'मध्येही बाबा चंद्रावरून उडी मारतोच, पण गाऊन घालून मारतो, आणि चेहरा असा की आत्ताच झोपेतून उठून दूध आणायला निघालाय. तिथे सगळा फरक पडतो.

ब्राऊनचंच अजून एक आहे, 1983 चं, 'गोरिला'. त्यातल्या हॅनाला गोरिला फार आवडतात पण तिच्या बाबाला वेळ नाही, आज काम, उद्या काम, शनिवारी दमलोय. एका पानावर दोघं नाश्त्याला बसलेत, स्वयंपाकघर एकदम चकाचक आणि थंडगार निळं, आणि बाबाच्या तोंडासमोर उघडलेला पेपर, बाबा दिसतच नाही जवळजवळ. मी हे पान भराभर उलटत होतो. लेकीने उलटू दिलं नाही, तिने टेबलावरचा माझा फोन उचलला, माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली "तुझा पेपर". बायको आत हसत होती, मला ऐकू येत होतं.

(शेवटच्या पानांत त्याच बाबाच्या मागच्या खिशातून एक केळं डोकावतं. शोधा. लेकीला ते माझ्याआधी दिसलं.)

आपल्याकडे बाप हा प्राणी पुस्तकात कमीच. विचार करा, आपल्याकडचं लहान मुलांना हातात द्यायचं पहिलं मोठं पुस्तक 'श्यामची आई', साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलं, 1935 ला छापून आलं, आणि तेव्हापासून आई म्हटलं की डोळ्यात पाणी. बाप म्हटलं की काय, तर "थांब, येऊ दे तुझ्या बाबांना". आमच्या वेळच्या चित्रांत बाबा खुर्चीत पेपर वाचायचे आणि आई भाजी चिरायची, 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र आलं तर त्याची बातमी झाली, टीव्हीवर वगैरे. भाजी निवडण्याची बातमी! चित्रांच्या पुस्तकांत मात्र माधुरी पुरंदरेंनी खूप आधीपासून साधं घर आणलंय, 'राधाचं घर' आमच्याकडे पार फाटून दोनदा चिकटवलंय. ते मुळातच मराठीत आहे याचं सुख मला काय ते विचारा, रोज घोडे आणि घुबडं उलथवणाऱ्या माणसाला.

तसा उलथवण्याचा फायदाही होतो कधी कधी. एरिक कार्लचं एक आहे, 1986 चं, मुलगी म्हणते बाबा मला चंद्र आणून दे, तर बाबा एक लांबच लांब शिडी घेतो, उंचच उंच डोंगरावर नेऊन लावतो आणि वर चढतो. पानं उघडतात पण तशी, आडवी, उभी, शिडी पुस्तकाबाहेर जाते. आता आपल्याकडे चंद्र हा मामा. म्हणजे आमच्या घरात ही गोष्ट अशी झाली की बाबा शिडी लावून बायकोच्या भावाला खाली आणायला निघालाय, आणि लेकीचा खरा मामा गुटगुटीत आहे, त्यामुळे चंद्र फार मोठा आहे, आत्ता येत नाही, बारीक झाला की येईल, हे वाक्य आलं की आम्ही तिघं लोळतो. मामाला अजून सांगितलेलं नाही. या कार्लचे वडील त्याला लहानपणी रानात न्यायचे, दगड उलटून खालचे किडे दाखवायचे, पुढे त्यांना जर्मन सैन्यात ओढलं, मग रशियनांच्या कैदेत, पोरगा अठरा वर्षांचा झाला तेव्हा कुठे परत आले. किडे त्याच्या पुस्तकांत का आहेत ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

पण आमच्या घरात सध्या राज्य आहे ते घुबडाचं. आईने ते दगडाचं सांगितल्यापासून लेकीला घुबडच पाहिजे. आणि माझ्याकडे नेमकं होतं. मागे किलोवर पुस्तकं विकणारं प्रदर्शन लागलं होतं, तिथून आणलेलं 'आऊल मून'. अमेरिकेतल्या कुठल्यातरी शाळेच्या लायब्ररीतून बाद झालेलं, पहिल्या पानावर निळा 'डिस्कार्ड'चा शिक्का आणि मागे कार्ड ठेवायचा पिवळा पडलेला खिसा अजून तसाच. जेन योलेनने लिहिलंय, जॉन शोनहेरने चित्रं काढलीत, 1987 चं, पुढच्या वर्षी त्याच्या चित्रांना कॅल्डिकॉट मेडल मिळालं, म्हणजे तिकडचं चित्रांच्या पुस्तकांचं सगळ्यात मोठं. एवढं मोठं पुस्तक शंभर-दीडशेला पडलं असेल, तराजूत टाकून.

त्यात होतं काय? काही नाही. बर्फाची रात्र आहे, झोपायची वेळ कधीच टळून गेलीय, बाबा आणि पोर घुबड बघायला रानात निघालेत. घुबड बघायला जायचं तर बोलायचं नाही, एवढाच नियम. बाबा थांबतो, तोंडाला हात लावून घुबडाची हाक मारतो, उत्तर येत नाही. तो फक्त खांदे उडवतो आणि पुढे चालायला लागतो. पोरही रडत नाही. मोठ्या भावांनी सांगून ठेवलंय, घुबड कधी असतं, कधी नसतं. मग अजून आत, अजून अंधारात, परत हाक. आणि मग एक सावली हलते. बाबा टॉर्च मारतो आणि फांदीवर ते बसलेलं, दोघांकडे टक लावून. तेवढंच. मग घरी. अख्ख्या पुस्तकात बाबा मोजून दोन-चार वाक्यं बोलतो आणि "माझं तुझ्यावर प्रेम आहे" वगैरे तर अजिबातच नाही. योलेनबाईंचा नवरा पक्ष्यांचा नादी होता, तो त्यांच्या पोरांना असाच रात्री घेऊन जायचा, त्यावरून हे लिहिलंय.

मला या पुस्तकाने जरा हलवलं त्याचं कारण आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. अण्णा एसटीत कंडक्टर, कराड डेपो. आमच्या लहानपणी ते एक दिवसाआड घरी, कारण वस्तीची गाडी, म्हणजे संध्याकाळी खेड्यात जाऊन मुक्काम आणि पहाटे परत. माझी लेक मला "ए बाबा" म्हणते, माझ्या तोंडावर फोन धरते, मी अण्णांना जन्मभर "अहो अण्णा" म्हटलं आणि त्यांच्याशी सलग दहा मिनिटं बोललो असेन असं आठवत नाही. घरी आले की खाकी शर्ट खुंटीला, चामड्याच्या बॅगेतली चिल्लर सतरंजीवर, आणि मोजताना हाक मारायची नाही. लाड म्हणजे काय तर कधीतरी तिकिटाला भोक पाडायचा पंच हातात द्यायचे, आणि मी जुन्या पेपरला टकटक भोकं पाडत बसायचो.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मला वस्तीच्या गाडीवर घेऊन गेले होते. का नेलं माहीत नाही, आई माहेरी असेल. गावात कुणीतरी भाकरी आणि झुणका आणून दिला, मग ड्रायव्हर एका बाकावर, आम्ही दोघं मागच्या लांब सीटवर. डास मरणाचे. सीटला डिझेलचा आणि रेक्झिनचा वास. मला झोप येईना, मी चुळबुळ करत होतो, तेवढ्यात बाहेर काहीतरी ओरडलं. मी घाबरून त्यांचा दंड धरला. अण्णांनी हात काढून घेतला नाही. एवढंच म्हणाले, "ऐक." मग परत ओरडलं, परत ऐकलं, आणि असे आम्ही किती वेळ ऐकत होतो कोण जाणे. घुबड होतं, पिंगळा होता की टिटवी होती, देव जाणे. त्यांना तरी कुठे माहीत असणार. सकाळी त्याबद्दल एक शब्द नाही, पहिली घंटी मारली आणि गाडी निघाली.

अण्णा जाऊन सात वर्षं झाली. पंच आहे अजून, कपाटात, आईच्या साड्यांच्या खाली. गंजलाय. मी ब्राऊन नाही त्यामुळे मला त्यावरून काही सुचत नाही, पण लेकीला दिला तर तिने पहिलं काय केलं असेल, तर विजेच्या बिलाला भोक पाडायचा प्रयत्न. पडलं नाही.

तर 'आऊल मून' तीनदा झाल्यावर व्हायचं तेच झालं, आम्हाला पण जायचंय. बर्फ कुठून आणू. पण आमच्या सोसायटीच्या मागे जुनं चिंचेचं झाड आहे आणि तिथे पिंगळे, म्हणजे छोटी घुबडं, आहेत असं वॉचमन म्हणतो, रात्री कचाकचा भांडल्यासारखे ओरडतात. शनिवारी दहा वाजता निघालो. लेकीने डोक्याला अण्णांची माकडटोपी घातली, उकडत होतं तरी, कारण पुस्तकात टोपी आहे. बोलायचं नाही हा नियम तिने पार्किंग ओलांडेपर्यंत चार वेळा मोठ्याने सांगितला. मग खरंच गप्प झाली. माझा हात घट्ट धरला आणि झाडाखाली उभी राहिली. मी घुबडाची हाक मारली, दुसऱ्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. परत मारली, कुणीतरी खिडकी लावली. दहाएक मिनिटं उभे होतो. पिंगळा नाही, काही नाही, लांब हायवेवरच्या ट्रकचा आवाज तेवढा.

वर आलो तर आई दारातच, हातात मीठ-मोहरी, दृष्ट काढायला. रात्रीची पोरीला घुबडाच्या झाडाखाली नेली म्हणून मला आधी दोन शब्द ऐकवले आणि मग हळूच विचारलं, "दिसलं का गं?"

लेकीने माकडटोपी काढली, आणि माझ्यासारखे, म्हणजे पुस्तकातल्या बाबासारखे, खांदे उडवले. "कधी असतं, कधी नसतं आजी," म्हणाली, आणि पाणी प्यायला आत गेली.