तेल जरा सढळ हाताने

सोमवार, रात्री 11:20

काल अप्पेपात्राच्या रिव्ह्यूतलं एक वाक्य खोडलं आणि आज दिवसभर तेच घशात अडकलंय.

आधी लिहिलं होतं, "मधल्या तिन्ही वाट्यांत अप्पे चिकटतात." पाठवेपर्यंत त्याचं झालं, "तेल जरा सढळ हाताने घालावं लागतं." खोटं आहे का हे? नाही. सढळ घातलं की सुटतात खरंच. मग सकाळी ठाणे स्टेशनला गर्दीत उभी राहून मी स्वतःशीच वकिली का करत होते?

12 वाट्यांचं नॉनस्टिक पात्र, किंमत 899. मी मागितलं नव्हतं. कंपनीची मुलगी गोड आहे. "ताई, घाई नाही, तुमच्या सवडीने." आणि ही सवड दर तिसऱ्या दिवशी चौकशीला येते. तिलाही वर कुणीतरी विचारत असेलच. जाऊ दे.

नियमाने मी चोख आहे. ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी 2023 मध्येच सांगून ठेवलंय, वस्तू फुकट मिळाली असेल तर ते लोकांना सहज दिसेल असं लिहा. मी पहिल्याच ओळीत लिहिलं, "कंपनीकडून भेट." ज्यांचा हाच व्यवसाय आहे त्यांच्यासाठी वर्षाला 20,000 च्या वर फुकटचा माल गेला की 10 टक्के टीडीएसही, म्हणजे आधीच कापायचा कर, आहे. तिथवर पोचायला मला 23 अप्पेपात्रं लागतील.

पण "भेट" सगळ्यांना दिसते. खोडलेलं "चिकटतात" कुणाला दिसणार?

हेच जांभळी नाक्यावरून विकत आणलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन भांडले असते. फुकट आलं म्हणून तोंड शिवलं. धर्माची गाय, नि दात का गं नाय! आईच्या बिडाच्या पात्रात कधी एक अप्पा चिकटला नाही. ते पात्र आता दादाकडे. तो विषय नको.

899 रुपयांत मिंधी झाले मी. निदान मिक्सर तरी पाठवायचा.

मग ओट्यावर समोरच्या काकूंचा डबा दिसला आणि हसूच आलं. गुरुवारच्या अळूवड्या. घसा असा खाजला की दोनदा कोकम सरबत प्यायले, तरी दारात म्हणालेच, "काकू, मस्त झाल्या होत्या!" अगदी पाच तारे. तिथे नाही जीव खाल्ला कुणी माझा. आणि डबा रिकामा परत करायचा नाही, हे तर कुठल्याच खात्याने सांगितलेलं नाही.

रिव्ह्यूत बदल करता येतो म्हणे. पान उघडलं, पुन्हा मिटलं. आधी डबा.

पीठ होतंच. पहिला घाणा बरा निघाला. दुसऱ्यात मधले तिन्ही फाटले, एकाचा तळ तर पात्रातच राहिला. काकूंचा डबा भरताना फाटके कधी खाली गेले कळलंच नाही. वर सगळे गोल, खरपूस.