ट्रेकचं सामान: संभाजीनगरच्या गुलमंडीतून घ्यावं की परदेशातून मागवावं?

अंतूर, सुतोंडा, देवगिरी किंवा गौताळ्याच्या जंगलातल्या वाटा, आणि वर्षातून एखाद-दोनदा अकोले-राजूरकडून हरिश्चंद्रगड नाहीतर कळसूबाई. मराठवाड्यातल्या बहुतेक ट्रेकर्सचं फिरणं एवढ्यात येतं. पण सामानाचे व्हिडिओ बघायचे ते आल्प्स आणि अमेरिकेतले. मग ऑर्डर जाते उणे दहा अंशांच्या स्लीपिंग बॅगची. आमचं मत साधं आहे: वस्तू देशी की विदेशी हे नंतर पाहा, आधी ती बिघडली तर कोण दुरुस्त करणार आणि मापात चुकली तर कोण बदलून देणार, हे विचारा.

बूट परदेशातून मागवू नका. इथे आमचं दुसरं मत नाही. आपल्याकडचे नंबर यूके पद्धतीचे असतात, अमेरिकी पुरुषांचा नंबर साधारण एकाने जास्त येतो, आणि प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. त्यात अनवाणी किंवा चपलेत वाढलेल्या आपल्या पावलांचा पंजा रुंद असतो. मागवलेला बूट लांबीला बरोबर आणि करंगळीला घट्ट निघतो. दुकानात जायचं ते संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा, आणि ट्रेकचाच जाड मोजा घालून. घरी आधी कागदावर उभं राहून, पेन्सिल सरळ उभी धरून पायाची रेघ मारा. सर्वांत लांब बोट ते टाच हे माप घ्या. बुटात त्यापुढे १० ते १२ मिमी मोकळी जागा हवी, नाहीतर उतरताना अंगठ्याची नखं काळी पडतात. दुकानाच्या पायरीवर उतरत्या बाजूला तोंड करून उभं राहा आणि बोटं पुढे आदळतात का बघा.

तळव्याचं रबर अंगठ्याच्या नखाने दाबून पाहा. थोडं दबलं पाहिजे. कातळावर, विशेषतः ओल्या बसाल्टवर, कडक रबर घसरतं. सह्याद्रीत ॲक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंग शूज इतकी वर्षं चालले ते याच पकडीमुळे. काळ्या मातीचा प्रश्न वेगळा. पावसाळ्यात ती खाचांत भरते आणि पायाला किलोभर वजन बांधल्यासारखं होतं. त्यासाठी खाचा खोल आणि एकमेकींपासून लांब हव्यात, बारीक जाळीदार नक्षी कामाची नाही. शेवाळावर मात्र कुठलंच रबर टिकत नाही, दुकानदार काहीही सांगो.

स्थानिक खरेदीत एक खोट आहे, ती म्हणजे पडून राहिलेला माल. बुटाच्या मधल्या थराचं पॉलियुरेथेन (फोमसारखं प्लास्टिक) हवेतल्या दमटपणाने हळूहळू विघटित होतं, न वापरतासुद्धा. पाच-सात वर्षं गोदामात राहिलेला कोरा करकरीत जोड पहिल्याच चढावर तळवा सोडतो. पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर उन्हाळा काढलेल्या मालाची चिकटवणही हात टेकते. म्हणून खोक्यावरचं लेबल वाचा. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार त्यावर कमाल किंमत आणि उत्पादनाचा महिना-वर्ष लागतो, आयात माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ताही. पैठण गेटला किंवा लातूरच्या गंजगोलाईत ‘इंपोर्टेड’ म्हणून दाखवलेल्या वस्तूवर आयातदाराचं नाव नसेल, तर ती एकतर नक्कल आहे किंवा तिच्या वॉरंटीला वाली नाही.

सॅकही दुकानातच घ्यावी. मान खाली घातल्यावर वर येणारा मणका ते कमरेच्या हाडाची वरची कड, हे पाठीचं माप. लिटरच्या आकड्यापेक्षा ते महत्त्वाचं. सॅकमध्ये पिठाच्या पाच-पाच किलोच्या दोन थैल्या टाकून दुकानातच दहा मिनिटं फिरा. कमरपट्टा हाडावर बसून बहुतेक भार तिथे गेला पाहिजे. खांदे दुखायला लागले तर माप चुकलं. हे स्क्रीनवर कळत नाही.

स्लीपिंग बॅगच्या लेबलवर तीन तापमानं असतात: कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते), लिमिट (कसंबसं निभेल ते) आणि एक्स्ट्रीम (जेमतेम जीव वाचेल ते). जाहिरातीत मोठ्या अक्षरात बहुतेकदा दुसरं किंवा तिसरं असतं. आपण फक्त कम्फर्ट वाचायचं. परभणीत हिवाळ्यात पारा कधीकधी ५ अंशांच्या खाली जातो, पण एरवी आपल्याकडच्या रात्रींना ५ ते १० अंश कम्फर्टची बॅग भरपूर होते. उणे दहाची घेतली तर रात्रभर चेन उघडी ठेवून झोपाल. महागड्या श्वास घेणाऱ्या पडद्याच्या जॅकेटचंही तेच. आतली वाफ बाहेर जायला बाहेर थंड-कोरडं लागतं. आपला पाऊस उबदार, त्यामुळे चढावर माणूस आतून घामाने भिजतोच. साधा पोंचो घ्या, खालून वारा तरी लागतो.

परदेशी तंबूचं कापड चांगलं असतं, पण खुंट्या तिथल्या हिरवळीसाठी बनवलेल्या असतात. ॲल्युमिनियमची पातळ खुंटी मुरमात पहिल्या ठोक्याला वाकते. लोहाराकडून ८ मिमीच्या सळईच्या २५ सेंमी लांबीच्या खुंट्या करून घ्या, एक टोक टोकदार, दुसरं वाकवलेलं. ही सळई मीटरला साधारण ३९५ ग्रॅम भरते, म्हणजे एक खुंटी १०० ग्रॅमच्या आसपास. आठ घेतल्या तर पाऊण किलोच्या वर वजन जातं. तेवढं वजन मान्य नसेल तर ६ मिमीची करा, ती ५५ ग्रॅमची होते. ओल्या काळ्या रानात मात्र कुठलीच गोल खुंटी धरत नाही. तिथे सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती भरून तिला दोरी बांधायची. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी ५ सेंमी लहान कापा. बाहेर आली तर पावसाचं पाणी तीच गोळा करून तुमच्या पाठीखाली आणते.

आता मागवण्याचा हिशेब. कस्टम नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तू, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं. त्यावर सीमाशुल्क, आणि सीमाशुल्कासह झालेल्या रकमेवर पुन्हा आयजीएसटी, म्हणजे आयात मालावर लागणारा जीएसटी. समजा सॅक १२,००० रुपयांची आणि भाडं ३,०००. विमा सोडून देऊ. सीमाशुल्क २० टक्के धरलं तर १५,००० चे १८,००० झाले, त्यावर १८ टक्के आयजीएसटी ३,२४०. एकूण २१,२४०. वर कुरियरची हाताळणी फी, अधिभार लागू असेल तर तोही. दर बजेटमध्ये बदलतात, म्हणून ऑर्डरच्या आधी चालू दर बघून हाच हिशेब मांडा. बिलावर किंमत कमी लिहून घ्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कस्टम अधिकारी किंमत स्वतः ठरवू शकतो, आणि माल हरवला तर भरपाई त्या खोट्या रकमेचीच मिळते. ‘गिफ्ट’ लिहिण्याची जुनी सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. त्यातून राख्या आणि जीवरक्षक औषधं वगळली होती.

अमेरिकेतला भाचा सुट्टीला येणार असेल तर सामान त्याच्या बॅगेतून आणणं सगळ्यांत सोपं. प्रवाशाला सोबतच्या सामानावर ठरावीक रकमेपर्यंत शुल्कमाफी असते. मात्र गॅसचा डबा विमानात चालत नाही, आणि रेल्वेतही ज्वालाग्राही वस्तू न्यायला बंदी आहे. म्हणून स्टोव्ह घेण्याआधी आपल्याकडे पेचाचा डबा मिळतो की लांब नळकांडीचा, हे पाहा. सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारी यंत्रं तर अजिबात आणू नका. परवान्याशिवाय ती भारतात बाळगता येत नाहीत, आणि विमानतळावर त्यापायी परदेशी पाहुण्यांनाही पोलिसांपुढे उभं राहावं लागलं आहे.

ज्यावर जीव टांगायचा ती वस्तू वेगळी. दोर, हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे), कॅराबिनर (दोर अडकवायची उघडझाप कडी) यांत स्वस्त-महाग करू नका. पण ते परदेशातूनच हवेत असंही नाही, अधिकृत भारतीय विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या. कॅराबिनरवर त्याच्या ताकदीचे किलोन्यूटनमधले आकडे कोरलेले असतात: लांबीत किमान २०, आडवा ताण असताना किंवा दार उघडं असताना साधारण ७. आकडे नसतील तर तो किल्ल्या अडकवायचा. वाळूज एमआयडीसीतल्या सेफ्टीच्या दुकानात मिळणारा पूर्ण अंगाचा हार्नेस कारखान्यासाठी असतो, त्याची मुख्य कडी पाठीला असते. कडा उतरायला तो नाही. त्याच दुकानांतले हातमोजे आणि शिट्ट्या मात्र खुशाल घ्या. हार्डवेअरवाला ‘नायलॉन’ म्हणून देतो ती दोरी बरेचदा पॉलिप्रॉपिलीनची असते. तुकडा बादलीत टाका. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर नायलॉन असू शकतं. तरंगणारी दोरी घर्षणाने लवकर वितळते आणि आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत भुगा होते. तंबू ताणायला चालेल, माणूस लटकवायला नाही. आणि नायलॉन निघालं म्हणूनही हार्डवेअरच्या दोरीवर माणूस लटकवायचा नाही.

बाकी फाटणं-तुटणं चालूच असतं. चेन बंद होऊनही मागून उघडत असेल तर दोष दातांत क्वचितच असतो, रनर सैल झालेला असतो. पकडीने त्याच्या दोन्ही कडा मागच्या बाजूने हळूच दाबा, आधी एक, मग दुसरी. जोर जास्त झाला तर रनर तडकतो. तरीही जमलं नाही तर रनरच्या पाठीवरचा आकडा बघा, ५, ८ किंवा १०, आणि बॅग दुरुस्तीवाल्याकडून तोच बसवून घ्या. बक्कल मागताना पट्टीची रुंदी सांगा: १ इंच किंवा दीड इंच सगळीकडे मिळतं, परदेशी सॅकवरचं २० मिमीचं शोधावं लागतं. ते दोन जास्तीचे सॅकसोबतच मागवून ठेवा. तंबू मात्र शिंप्याकडे देताना सांगा की सुईचं प्रत्येक भोक गळणार. शिवण झाल्यावर आतून भोकं बुजवणारं सीलंट लावा. कापडाला सिलिकॉनचा लेप असेल तर सिलिकॉनचंच, कारण त्यावर पॉलियुरेथेनची पट्टी चिकटतच नाही.