फ्लरीचा नकाशा अखेर बसला!

झाली एकदाची सुटका. फ्रान्समधल्या फ्लरी-दव्हाँ-दुओमाँ या उद्ध्वस्त गावाचा नेपोलियनकालीन शेतवार नकाशा अखेर लिडारवर, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेल्या आजच्या जमिनीवर, बसला.

अडलं होतं नियंत्रण बिंदूंवर, म्हणजे जुना नकाशा आजच्या जमिनीशी जुळवायच्या खुणांवर. तिठा, विहीर, घराचा कोपरा, तेव्हाही होतं आणि आजही आहे असं काहीतरी हवं. पहिल्या महायुद्धातल्या व्हर्डनच्या लढाईत १९१६च्या जून ते ऑगस्टमध्ये हे गाव सोळा वेळा या हातातून त्या हातात गेलं. चारशेवर वस्ती होती, एक भिंत शिल्लक नाही. हिलशेड (लिडारवरून काढलेलं जमिनीच्या उंचसखलपणाचं चित्र) उघडावा तर खड्ड्यावर खड्डा. गल्ली कुठली, परसू कुठलं, कळायला मार्ग नाही. बेकरी, लोहार यांच्या जागी आज पाट्या आहेत, पण त्या युद्धानंतरच्या. त्यांच्यावर नकाशा बेतायला मन घेईना.

थिन प्लेट स्प्लाइन, म्हणजे नकाशा रबरासारखा ताणून बिंदूंवर बसवायची पद्धत, इथे बरेच जण सुचवतात. मला ती या कामाला साफ नामंजूर आहे. बिंदूंवर त्रुटी शून्य दाखवते आणि मधला कागद वाटेल तसा ताणते.

मग शीव सुचली! युद्धानंतर हा भाग ‘लाल क्षेत्रा’त, म्हणजे युद्धाने निकामी ठरलेल्या पट्ट्यात, गेला, गाव पुन्हा वसलं नाही, पण कायद्याने ते रद्दही झालं नाही. रहिवासी एकही नाही, तरी फ्लरीला आजही महापौर आहे, तो प्रीफेक्ट (जिल्ह्याचा सरकारी प्रमुख) नेमतो. म्हणजे हद्दही कागदोपत्री जिवंत. तीन गावांच्या शिवा मिळतात ते कोपरे जुन्या नकाशात आणि आजच्या भूमापनात शोधले, साधं हेल्मर्ट रूपांतर (नकाशा नुसता सरकवणं, फिरवणं, लहानमोठा करणं) लावलं, आणि त्रुटी चार मीटरच्या आत आली. खरा आनंद पुढेच. जुन्या चर्चच्या जागेवर आता चॅपल आहे. ते मी बिंदू म्हणून मुद्दाम घेतलं नव्हतं. हवाई छायाचित्र खाली लावलं, तर नकाशातलं चर्च नेमकं त्याच्यावर!

या पद्धतीला नकाशाच्या कडा शाबूत लागतात. एका विक्रेत्याकडून विकत घेतलेल्या स्कॅनमध्ये नेमक्या त्याच कापल्या होत्या. म्यूज जिल्हा अभिलेखागाराचीच प्रत घ्या. आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा लिडार तर फुकट आहे आणि अप्रतिम आहे.

आता घरांचं थ्रीडी सुरू करणार होतो, पण हे लिहिता लिहिता ऑर्न डोक्यात आलं. तेही व्हर्डनच्या लढाईत उद्ध्वस्त झालेल्या नऊ गावांपैकी, आणि तिथे चर्चचे अवशेष अजून उभे आहेत. नुसत्या शिवेवरून ऑर्न बसवायचं आणि त्रुटी खऱ्या भिंतीवर मोजायची. थ्रीडी थांबेल. ऑर्नच्या लिडारच्या टाइल्स (तुकडे) उतरवायला लावल्यात.