‘कसं झालं गं?’

प्लॅस्टर कापलं त्या दिवशी लेकीचा पाय बघून मीच दचकले. सहा आठवडे आत कोंडलेली ती पोटरी दुसऱ्याच कोणाची तरी वाटत होती. काटकुळी, कोंडा सुटलेली आणि लव मात्र एकाएकी काळीभोर. लेकीने दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवले, थोडा वेळ निरखले आणि जाहीर केलं, "हा धाकटा आहे."

तेव्हापासून घरात डावा-उजवा हे शब्दच बंद झाले. एक थोरला, एक धाकटा. कुबड्यांनी जिना कसा चढायचा याचा जगभरचा नियम आहे: चढताना धडका पाय आधी, उतरताना दुखरा आधी. फिजिओच्या बाईंनी तो तीनदा समजावला. लेकीने एकाच वाक्यात बसवला: "वर जाताना थोरला पुढे, खाली येताना धाकट्याला आधी सोडायचं." जिना आला की आम्ही दोघी हे पुटपुटत असू. शेजारून जाणाऱ्यांना आमचं काहीतरी कौटुंबिक भांडण चाललंय असं वाटत असणार.

सहलीची तिकिटं पाय मोडण्याआधीच काढलेली होती. मोठं शहर, चार दिवस, आणि मुख्य म्हणजे तिथल्या संग्रहालयातला डायनासोरचा सांगाडा. डॉक्टर ‘नको’ म्हणतील अशी मला मनातून आशा होती. नाही म्हणायचं पाप आपल्या माथी कशाला! पण त्यांनी एक्स-रे खिडकीकडे धरला आणि चीर होती तिथला पांढुरका ढग दाखवला. मोडलेल्या जागेभोवती शरीर आपण होऊन हा नव्या हाडाचा लेप चढवतं आणि पुढे महिनोन्महिने तो तासून आकारात आणतं. लहान मुलांचं हे काम भराभर होतं. हीच नडगी माझी असती तर सहज चार महिने गेले असते. "न्या की," डॉक्टर म्हणाले, "हळूहळू भार द्यायचाच आहे. फक्त उड्या नकोत."

उड्या नकोत, हे सांगायला कारण होतं. पाय मोडला तोच उडीने. जमीन म्हणजे समुद्र, समुद्रात मगर, आणि जमिनीला पाय लावायचा नाही, असा तो खेळ. पलंगावरून खुर्चीवर उडी, खुर्ची सरकली. एवढंच. सांगायला अर्ध्या मिनिटाची गोष्ट.

शहराचं नाव मुद्दाम सांगत नाही. कोणतंही मोठं शहर धरा, जिन्यांच्या बाबतीत सगळी एकाच माळेचे मणी. मोठ्या शहरात कोणी कोणाकडे बघत नाही म्हणतात. एरवी मी तिथे गेले तेव्हा खरोखरच कोणी बघितलं नव्हतं. या वेळी स्टेशनाबाहेर पाऊल टाकल्यापासून पहिल्या तासात पाच जणांनी थांबून विचारलं, "कसं झालं गं?"

पहिल्या दोघांना तिने खरं सांगितलं. "पलंगावरून उडी मारली." दोघंही "अरेरे" म्हणून चालू लागले. त्या अरेरेत जीव नव्हता, हे तिच्या लगेच लक्षात आलं असावं. हॉटेलात खोलीची किल्ली देणाऱ्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मगरीपासून पळत होते."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. तसं बघायला गेलं तर खोटं काय होतं त्यात?

किल्लीवाल्याने काउंटरवर कोपरं टेकली. मगर केवढी होती, दात किती होते, सगळं विचारून घेतलं. मग स्वतःचं मनगट पुढे करून दाखवलं, ते किंचित वाकडं होतं. लहानपणी भिंतीवरून पडला होता, घरी भीतीने दोन दिवस सांगितलंच नाही, हाड तसंच जुळलं. मागे रांगेत चार माणसं खोळंबली होती. त्यांतल्या एकाने तर "माझी टाच" म्हणून सुरुवातही केली.

दुसऱ्या दिवशी लिफ्टचा शोध सुरू झाला. शोध हाच शब्द बरोबर. सरकते जिने दारातच असतात, झगमगीत. कुबड्या घेऊन त्यांवर जायचं नसतं. लिफ्ट मात्र लाजून कुठेतरी फलाटाच्या पार टोकाला, खांबाआड, पाट्या वाचत गेलं तरच सापडणारी. म्हणजे ज्याला चालवत नाही त्यानेच सगळ्यात जास्त चालायचं. ही व्यवस्था ज्याने आखली त्याचा पाय मोडावा असं मी म्हणणार नाही, मुरगळला तरी पुरे.

पण त्या लिफ्टमध्ये शहराची एक वेगळीच वस्ती राहते. बाबागाड्या, चाकांच्या बॅगा, पोटुशी बाई, खोकी वाहणारा पोरगा, आणि गुडघ्यांना पट्टे बांधलेली म्हातारी माणसं. बाहेर हे सगळे पांगलेले असतात म्हणून दिसत नाहीत. दार बंद झालं की लेकीकडे बघून कोणीतरी विचारणारच. तिथे तिने मगरीला आणखी दोन हात वाढवलं. एका आजोबांनी ऐकून घेतलं, मग भर लिफ्टमध्ये वाकून विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. आत सळई आहे, म्हणाले, थंडीत कळते. लेकीने हात लावून पाहिला. त्यांचा मजला येऊन गेला तरी ते उतरले नाहीत.

रस्ता ओलांडणं हे मात्र गोष्टींनी भागण्यासारखं नव्हतं. पहिल्याच सिग्नलला आम्ही अर्ध्यावर असताना हिरवा माणूस लुकलुकायला लागला. मी तिला उचलायला गेले तर ती ओरडली, "नको, पडेन!" गाड्या थांबून राहिल्या. त्या अकरा-बारा सेकंदांत मी घामाघूम झाले. रात्री हॉटेलच्या लांब बोळात आम्ही तिची चाल मोजली: पंधरा मीटरला तीस सेकंद. म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. पादचाऱ्यांच्या सिग्नलचं गणित कित्येक देशांत वर्षानुवर्षं सेकंदाला सुमारे १.२ मीटर या चालीवर बसवलेलं आहे. चौदा मीटरचा रस्ता त्या हिशेबाने बारा सेकंदांत संपतो. आम्हाला अठ्ठावीस लागणार. उरलेले सोळा सेकंद आणायचे कुठून?

उत्तर दुसऱ्या दिवशी एका काठीवाल्या आजींनी दिलं. रस्त्याच्या मधोमध, दुभाजकाच्या चिंचोळ्या कट्ट्यावर आम्ही अडकून उभ्या होतो. त्या आधीपासूनच तिथे होत्या, बसथांब्यावर उभं राहावं तशा निवांत. "मी नेहमी दोन हप्त्यांत ओलांडते," त्या म्हणाल्या. आणि लेकीकडे वळून, "तू नवीन दिसतेस."

दोन्ही बाजूंनी वाहतूक धडधडत होती. त्या कट्ट्यावर, पुढचा सिग्नल पडेपर्यंत, दोघींनी आपापल्या हाडांची माहिती एकमेकींना दिली. आजींचा खुबा मोडला होता, न्हाणीघरात पाय घसरून. लेकीने मगरीची गोष्ट सांगितली. आजी गंभीरपणे म्हणाल्या, "माझ्याही न्हाणीघरात असेल मग."

मला सगळी धास्ती पायाची होती, दुखले तळहात. कुबड्यांवर काखेने लोंबकळायचं नाही, भार हातांनी पेलायचा, कारण काखेतल्या नसा दबल्या की हाताला मुंग्या येतात, अशी फिजिओची ताकीद होती. लेकीने ती तंतोतंत पाळली आणि दुसऱ्या संध्याकाळी दोन्ही तळवे लालबुंद करून घेतले. माझे पायमोजे काढून मी कुबड्यांच्या मुठींना गुंडाळले. स्टेशनावर अंधांसाठी बसवलेल्या पिवळ्या, पुटकुळ्यांच्या लाद्यांचा पट्टा असतो ना, त्याच्यावर तर कुबडीचं रबरी बूच डगमगायचं. या लाद्या सेइची मियाके नावाच्या जपानी गृहस्थांनी १९६५ मध्ये शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा रस्त्यात बसवल्या गेल्या. हे मी तिला कौतुकाने सांगितलं, ही चूक झाली. तिने ताबडतोब डोळे मिटून त्या पट्ट्यावरून चालून बघायचं ठरवलं. फलाटावर. कुबड्यांसह. मी ओरडले त्याचा आवाज पलीकडच्या फलाटापर्यंत गेला.

उतारांबद्दलही माझा गैरसमज होता. पायऱ्या वाईट, उतार चांगला, असं मी धरून चालले होते. नियम असा की एक फूट चढायला निदान बारा फूट लांबीचा उतार हवा. चाकाच्या खुर्चीला ते ठीकच. पण कुबड्यांवर उतरताना तो उतार पुढे ढकलतो, आणि मोडका पाय पुढे ढकललं जाणं फार मनावर घेतो. संग्रहालयाच्या दारात उतार होता, बाजूला पाच पायऱ्या. लेक पायऱ्यांकडे वळली. दारावरच्या माणसाने धावत येऊन उतार दाखवला. "थोरल्याला पायऱ्या आवडतात," ती म्हणाली. तो माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार!

आत चाकाची खुर्ची मिळत होती. आधी तिने नाक मुरडलं. "मी काय आजारी आहे?" दोन दालनं झाल्यावर काही न बोलता येऊन बसली. वरच्या मजल्यावर चित्रं होती. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटरवर येईल असं टांगायचा संग्रहालयांचा रिवाज असतो, म्हणजे उभ्या मोठ्या माणसाच्या नजरेसमोर. खुर्चीत बसलेल्या पोरीला दिसणार काय, चौकटीची खालची पट्टी आणि वरच्या दिव्याची तिरीप. मला वाईट वाटायला लागलं होतं तेवढ्यात ती म्हणाली, "आई, सगळी कुत्री खाली असतात."

खरंच होतं. राजे, सेनापती, ढग वगैरे वर. आणि खालच्या कोपऱ्यात, तिच्या नाकासमोर, कोणाच्या तरी बुटाशी झोपलेलं कुत्रं. पुढचा तासभर आम्ही कुत्री मोजली. अकरा झाली, एक मांजर, आणि एक काय होतं ते ठरलं नाही. त्या दालनांतल्या एकाही सेनापतीचा चेहरा मला आज आठवत नाही.

सांगाडा तळमजल्यावर, शेवटी ठेवला होता. इतक्या दिवसांची वाट बघून झाल्यावर ती त्याच्यापुढे गप्पच झाली. मग बरगड्यांकडे बघत विचारलं, "याचं काही मोडलं होतं का?" या सांगाड्याचं मला माहीत नव्हतं. पण शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये ‘स्यू’ नावाचा टी-रेक्स आहे, १९९० मध्ये सापडलेला, त्याच्या काही बरगड्या मोडून पुन्हा जुळलेल्या आहेत, हे मी कधीतरी वाचलं होतं. ते सांगितलं.

"किती वर्षांपूर्वी?"

"साडेसहा कोटींच्याही आधी."

"प्लॅस्टर कोणी घातलं?"

"कोणीच नाही. आपोआप जुळल्या."

"म्हणजे त्याच्याही हाडावर ढग होता." थोडा वेळ गेला. "आणि त्याला विचारलं असेल का कोणी, कसं झालं म्हणून?"

दालनाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या पहारेकऱ्याने हे ऐकलं असावं. तो उठून आला आणि नेमका तोच प्रश्न तिला विचारला. मी मनाची तयारी केली. मगरीची आता टी-रेक्स होणार, निदान दोन तरी. पण लेक म्हणाली, "पलंगावरून उडी मारली. खुर्ची सरकली." त्या जबड्याखाली उभं राहून तिला बहुधा मगर सांगायची लाज वाटली. पहारेकरी म्हणाला, "मीही पलंगावरूनच." आणि इकडेतिकडे बघून हळूच, "झोपेत."

बाकी शहर आमचं बघायचं राहिलं. मनोरा राहिला, किल्ला राहिला, बाग कुंपणाबाहेरून पाहिली. घरी आल्यावर विचारणाऱ्यांना मी काय काय पाहिलं ते सांगायला लागले तर एक सळई, एक वाकडं मनगट, एक टाच, एक खुबा आणि अकरा कुत्री एवढाच हिशेब लागतो. लोक विषय बदलतात.

परतीच्या गाडीत समोरच्या बाकावर एक मुलगा होता, तिच्याच वयाचा. हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. त्याची आई आणि मी एकमेकींकडे बघून हसलो. बोलायची गरज नव्हती. मुलगा कुबड्यांकडे टक लावून बघत होता. लेक त्याच्या हाताकडे.

"कसं झालं रे?" तिने विचारलं.

"सायकलवरून पडलो."

लेकीने कुबड्या उचलून बाकाखाली सरकवल्या, खिडकीकडे सरकली आणि शेजारची जागा हाताने थोपटली.

"एवढंच? इकडे ये. नीट सांग."