कोकणात काळप्रवासाची मालिका लिहायची तर आधी पंचांग उघडा

काळप्रवासाची मालिका बहुधा चौथ्या-पाचव्या भागात आपटते. पहिल्या भागात ठासून सांगितलेलं असतं की झालेलं काही बदलत नाही, आणि चौथ्यात नायक सहज मागे जाऊन आईला वाचवून येतो. त्यानंतर कुणी मेलं तरी प्रेक्षकाला काही वाटत नाही. आता परत आणतीलच, असं तो धरून चालतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हौशी नाटक करणारी बरीच मंडळी हल्ली वेबमालिका लिहायला बसतात. त्यांनी संवादाला हात घालण्याआधी काळाचा नियम कागदावर लिहून भिंतीवर लावावा.

नियम मुळात तीन. एक, जे झालं ते झालं आणि मागे गेलेला माणूसही त्या झालेल्यातच धरलेला आहे. दोन, रेघ एकच, पण खोडून पुन्हा लिहिता येते. तीन, मागे जाऊन काही केलंत की तिथून नवी फांदी फुटते आणि जुनी आहे तशी राहते. पहिल्यामागे नोविकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचं सुसंगतीचं तत्त्व आहे, तिसऱ्याला एव्हरेट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाच्या १९५७ च्या अनेक विश्वांच्या मांडणीचा आधार मिळतो. दुसरा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत धोक्याचा.

उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचं घेऊ. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. समजा २०२३ मधली रेवसची एक मुलगी त्या सकाळी भाऊच्या धक्क्यावर पोचते. तिला पणजोबांना अडवायचंय. पहिल्या नियमात पणजोबा गर्दी बघून परतच फिरणार होते, पण ही अनोळखी पोरगी हात धरून रडायला लागते म्हणून बिचकून ते बोटीत शिरतात. दुसऱ्या नियमात ते वाचतात, घराचा सगळा पुढचा प्रवास बदलतो, आजोबांचं लग्न दुसरीकडे होतं आणि मुलगी जन्मतच नाही. मग पणजोबांना अडवलं कुणी? तिसऱ्यात त्या फांदीवरचे पणजोबा घरी जातात, तिचे स्वतःचे मात्र बुडालेलेच राहतात. प्रसंग तोच, दुःख तीन वेगळी. कुठलं सांगायचंय ते आधी ठरवा, नियम त्यावरून निवडा.

पहिला नियम आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. रात्रभर दशावतार बघणाऱ्याला कंस माहीत आहे. आकाशवाणी ऐकून त्याने देवकी-वसुदेवाला कोंडलं नसतं, तर कृष्ण गोकुळात जाऊन वाढलाच नसता. प्राक्तन टाळण्याची धडपडच प्राक्तन घडवते. ‘डार्क’ या जर्मन मालिकेची (२०१७ ते २०२०, तीन पर्वं, २६ भाग) ताकद यातच आहे. २०१९ मधला मिकेल हा मुलगा गुहेतून १९८६ मध्ये जातो, तिथेच वाढतो आणि नायक योनासचा बाप होतो. त्याला परत आणावं तर योनास उरत नाही. (पुढचं वाक्य मालिका न पाहिलेल्यांनी गाळावं.) तिसऱ्या पर्वात दुसरं जग आणि काळ क्षणभर थांबतो ती फट येते. माझ्या मते ती फट दुसऱ्या पर्वातच नीट दिसायला हवी होती. सुटकेची वाट उशिरा उघडली की ती लेखकाची सोय वाटते.

‘स्टाइन्स गेट’ या २०११ च्या जपानी मालिकेने मधला मार्ग काढला: तपशील बदलतात, पण नायकाची मैत्रीण मायुरी हिचा मृत्यू वेगवेगळ्या रूपांत येतच राहतो. ‘ट्वेल्व्ह मंकीज’ या अमेरिकन मालिकेच्या पहिल्याच भागात दुसरा नियम अर्ध्या मिनिटात कळतो. नायक तरुण कॅसीच्या घड्याळाच्या काचेवर ओरखडा काढतो आणि त्याने भविष्यातून आणलेल्या त्याच घड्याळावर तोच ओरखडा उमटतो. एका शब्दाचंही व्याख्यान नाही. असा प्रसंग सापडेपर्यंत पहिला भाग लिहून झाला असं समजू नये.

आता पंचांग. ‘डार्क’ने ३३ वर्षांचं चक्र घेतलं. ते उचलू नका, आपल्याकडे तिथी चुकते. ३३ सौर वर्षांनी चंद्र साडेचार दिवस पुढे सरकलेला असतो, म्हणजे अमावस्येच्या जागी चतुर्थी-पंचमी. १९ वर्षांत मात्र २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात, फरक दोनेक तासांचा. रामदास बुडाली ती आषाढ अमावस्या. त्यानंतर १९६६, १९८५, २००४ आणि २०२३ मध्ये आषाढ अमावस्या १७-१८ जुलैलाच आली, आणि या प्रत्येक वर्षी अधिक श्रावण होता. १९४७ ते २०२३ म्हणजे बरोबर चार फेऱ्या. काळाचं दार कधी उघडतं याचं उत्तर गावातला कुठलाही भटजी देऊ शकेल, याहून चांगलं यंत्र कुठलं?

मग तक्ता. उभ्या रकान्यांत ही पाच वर्षं, आडव्या ओळींत पात्रं, आणि प्रत्येक घरात दोन आकडे: जन्मसालाप्रमाणे वय आणि प्रवास धरून शरीराचं वय. १९४७ मध्ये ९ वर्षांचा पोरगा पुढे २८, ४७, ६६, ८५ होतो. त्याने मागे जाऊन चार वर्षं १९६६ च्या काळात काढली, तर दुसरा आकडा तिथून चारने वाढतो. हा आकडा विसरला की केस पांढरे करण्यात घोळ होतो.

वस्तू फिरवताना जपा. नातीने आजीला समई दिली, आजीने तीच नातीसाठी ठेवली, तर ती घडवली कुणी? शिवाय प्रत्येक फेरीत पितळ झिजणार, म्हणजे ती तीच समई राहत नाही. चक्रात माहिती फिरवावी: एखादं गाणं, पत्ता, इशारा. त्याला झीज नाही. आणि पात्राच्या खिशातले पैसे तपासा. गांधीजींच्या मालिकेतल्या नोटा १९९६ पासूनच्या, त्या १९८५ च्या दुकानात चालणार नाहीत. १९६६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा नाही, तो १ मे १९८१ ला झाला. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर १९९८ मध्ये.

चित्रीकरणाला आषाढच हवा असं नाही. मुंबई-रेवसकडे अमावस्येला भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास आणि ओहोटी पहाटे सहाच्या आसपास असते. रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे जाते, म्हणजे धक्क्याखालचा उघडा चिखल उजेडात टिपायला लागोपाठ तीन सकाळी मिळतात. चुकलं तर पौर्णिमेला पुन्हा तीच वेळ येते. अष्टमीला जाऊ नका, सकाळी सहाला भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती असेल आणि चिखल पाण्याखाली.