स्कँडिनेव्हियात उतरताना

परदेशाची सहल ठरवताना आपण बहुतेक जण कार्यक्रमपत्रिकेतली हॉटेले, जेवणे आणि प्रेक्षणीय स्थळे बारकाईने वाचतो; एका गावाहून दुसऱ्या गावी आपण कसे आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पोहोचणार आहोत, हे सांगणाऱ्या ओळींवरून मात्र नजर तशीच पुढे सरकते. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड अशी ग्रुप टूर करून आल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, निदान या प्रदेशापुरते तरी याच ओळी सर्वांत आधी वाचायला हव्यात. (फिनलंड काटेकोर अर्थाने स्कँडिनेव्हियात मोडत नाही, पण आपल्याकडच्या टूर कंपन्या ते सहसा याच सहलीत घालतात.) बेटे, सामुद्रधुन्या आणि फ्योर्ड (डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या) यांनी घडलेली ही भूमी विमानातून खाली येताना किंवा जहाजातून हळूहळू जवळ येताना जितकी कळते, तितकी शहरात बसने फिरताना कळत नाही. मी शाळेत भूगोल शिकवत असे आणि माझे यजमान बांधकाम खात्यात अभियंता होते. त्यामुळे प्रवासात डोळे मिटून बसण्यापेक्षा खिडकीबाहेर पाहत राहणे आम्हा दोघांनाही मनापासून आवडते.

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही निघालो. रात्री पुण्याहून गाडीने मुंबईच्या टर्मिनल २ वर पोहोचायचे, टूर लीडरकडून बॅगांना लावायच्या चिठ्ठ्या आणि खाकऱ्याची पाकिटे घ्यायची आणि पहाटेचे दोह्याचे विमान पकडायचे, हा भाग सर्वच सहलींना सारखा असतो, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. ग्रुप तिकिटावर जागा आपल्या निवडीने मिळतीलच असे नाही आणि बऱ्याचदा नवरा-बायको वेगवेगळ्या रांगांत जातात. अशा वेळी टूर लीडरला आधीच सांगून ठेवले, तर ग्रुपमधल्याच लोकांशी अदलाबदल सहज होते. आमच्या ग्रुपमधील कोल्हापूरच्या एका जोडप्याला गुडघेदुखीमुळे मधल्या वाटेशेजारच्या जागा हव्या होत्या, आम्हाला डाव्या बाजूची खिडकी हवी होती, आणि दोह्याच्या विमानतळावर त्या प्रचंड पिवळ्या अस्वलाच्या पुतळ्यापाशी सगळे जमले असतानाच हा व्यवहार उरकला.

डावीच खिडकी का, याचे उत्तर यजमानांकडे तयार होते. दोह्याहून कोपनहेगनचे अंतर साधारण साडेसहा तासांचे. समोरच्या पडद्यावरील नकाशात विमान इराक आणि तुर्कस्तान ओलांडून काळ्या समुद्राच्या पश्चिम कडेने रुमानिया आणि पोलंडकडे वळताना दिसत होते. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे आणि उजवीकडचा तो भलामोठा प्रदेश टाळून जाणारी आपली रेघ पाहताना, बातम्यांतले युद्ध आपल्या प्रवासाला किती जवळून स्पर्श करते आहे, हे जाणवून मन जड झाले. पुढे बाल्टिक समुद्र लागला, ढग विरळ झाले आणि विमान ईशान्येकडून कास्ट्रुप विमानतळाकडे उतरू लागले. उजवीकडच्या प्रवाशांना कोपनहेगनच्या बंदराबाहेर समुद्रातच कमानीच्या आकारात उभ्या असलेल्या मिडलग्रुंडेनच्या वीस पवनचक्क्या दिसत होत्या. आमच्या बाजूला होता डेन्मार्क आणि स्वीडन यांना जोडणारा ओरेसुंद पूल.

“अगं, पूल संपला कुठे ते बघ!” यजमान खिडकीकडे बोट दाखवत म्हणाले. खरोखरच, स्वीडनच्या माल्म्यो शहराकडून निघालेली ती बारीक पांढरी रेघ दोन उंच मनोऱ्यांमधून पुढे आली, एका सपाट लांबट बेटावर उतरली आणि तिथेच नाहीशी झाली. ते बेट म्हणजे पेबरहोल्म, या प्रकल्पासाठी माणसाने समुद्रात भराव घालून तयार केलेले. पूल सुमारे ७.८ किलोमीटर लांब आहे, दोन मनोऱ्यांमधला गाळा ४९० मीटरचा आहे आणि मनोऱ्यांची उंची २०४ मीटर आहे. बेटाच्या पुढे मात्र रस्ता आणि रेल्वे दोन्ही समुद्राच्या तळाशी असलेल्या सुमारे चार किलोमीटरच्या बोगद्यात शिरतात, आणि याचे एक मोठे कारण म्हणजे आम्ही ज्या विमानतळावर उतरत होतो तोच. एवढे उंच मनोरे डेन्मार्कच्या किनाऱ्याशी उभारले असते, तर विमानांच्या वाटेत आले असते. शिवाय जहाजांसाठीही खोल पाण्याची वाट मोकळी ठेवायची होती. १ जुलै २००० रोजी हा मार्ग खुला झाला. त्याविषयी यजमानांनी पूर्वी पुष्कळ वाचले होते. पण विमान, मनोरे, बेट आणि अदृश्य झालेला रस्ता एकाच दृष्टिक्षेपात आल्यावर त्या रचनेमागचा विचार कोणी समजावून न सांगताच समजतो. जमिनीवरून तो असा दिसू शकत नाही.

कास्ट्रुपला पासपोर्ट तपासणीच्या रांगेत आपल्याकडच्या प्रवाशांना एक शंका हमखास येते, ती आमच्या ग्रुपमध्येही आली: व्हिसा नॉर्वेचा आणि उतरायचे डेन्मार्कमध्ये, हे चालेल का? चालते. शेंगेन व्हिसासाठी (एकाच व्हिसावर युरोपातील अनेक देशांत फिरता येते तो) अर्ज जिथे सर्वांत जास्त मुक्काम असेल त्या देशाकडे करायचा असतो आणि मुक्काम समान असतील तरच पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. नॉर्वे युरोपीय संघात नाही, तरी २००१ पासून शेंगेनमध्ये आहे. अधिकाऱ्याने किती दिवस, कोणासोबत आणि परतीचे तिकीट कुठून, एवढेच विचारले आणि शिक्का मारला. त्यानंतर हेलसिंकीपर्यंत कुठल्याही देशाच्या सीमेवर आमचा पासपोर्ट कोणी मागितला नाही.

सामानाच्या पट्ट्यापाशी मात्र ग्रुपमधील एका काकूंची बॅग आलीच नाही. पट्टा थांबल्यावर त्यांचा चेहरा पाहवेना. टूर लीडरने त्यांना बाहेर पडू दिले नाही, हे सर्वांत महत्त्वाचे. सामान न मिळाल्याची लेखी तक्रार सीमाशुल्काच्या दारातून बाहेर पडण्याआधीच, तिथल्या खिडकीवर नोंदवायची असते आणि तिचा क्रमांक जपून ठेवायचा असतो. बॅगेचा रंग, चाके, कुलूप आणि पुढील हॉटेलांचे पत्ते हे सगळे त्या अर्जात लागते. बॅग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलवर आली. काकूंची रक्तदाबाची औषधे खांद्यावरच्या पिशवीत होती म्हणून निभावले. औषधे आणि एक कपड्यांचा जोड जवळ बाळगण्याचा सल्ला मी तरी यापुढे प्रत्येकाला आग्रहाने देणार आहे.

बाहेरच्या दालनात आलो, तर लाल-पांढऱ्या झेंड्यांची गर्दी. परत येणाऱ्या घरच्या माणसाला घ्यायला डॅनिश कुटुंबे हातात छोटे राष्ट्रध्वज घेऊन येतात, हे तिथे अगदी घरगुती रीतीचे आहे. वाढदिवसालाही ते असेच झेंडे लावतात. एक आजी काठीवर भार देऊन उभ्या होत्या आणि दुसऱ्या हातातला कागदी झेंडा, नातवंड नजरेच्या टप्प्यात येण्याच्या कितीतरी आधीपासून हलवत होत्या. आमच्यासाठी कोणी आलेले नव्हते, तरीही त्या दालनातून जाताना परक्या देशात आल्यासारखे वाटले नाही.

कोपनहेगनहून ऑस्लोला आम्ही विमानाने न जाता रात्रभराच्या जहाजाने गेलो. विमानाला हे अंतर तासा-सव्वा तासाचे आहे, त्यामुळे ग्रुपमधील काही जणांना तो वेळेचा अपव्यय वाटत होता. मला तसे अजिबात वाटत नाही. संध्याकाळी जहाज हेलसिंगोरपाशी आले, तेव्हा डावीकडे क्रोनबोर्गचा किल्ला आणि उजवीकडे स्वीडनचा किनारा एकाच वेळी इतक्या जवळ आले की, सामुद्रधुनीची रुंदी जेमतेम चार किलोमीटर का म्हणतात ते डोळ्यांनी मोजता आले. याच अरुंद तोंडाशी डेन्मार्कचे राजे १४२९ पासून १८५७ पर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून कर घेत असत. सकाळी ऑस्लोच्या फ्योर्डमध्ये द्रोबाकपाशी पुन्हा तसाच अरुंद भाग लागला, आणि तिथे ऑस्कार्सबोर्गचा किल्ला. ९ एप्रिल १९४० च्या पहाटे ऑस्लो घ्यायला निघालेली ब्ल्यूशर ही जर्मन युद्धनौका या किल्ल्यातील जुन्या तोफांनी आणि पाणतीरांनी बुडवली, आणि त्यामुळे मिळालेल्या काही तासांत राजा आणि सरकार राजधानीतून निसटू शकले. डेकवर चहा घेत असताना तो बेटावरचा किल्ला शेजारून सरकत गेला. ज्यांनी केबिनमध्ये बॅगा भरण्यात तो वेळ घालवला, त्यांच्यासाठी मला खरोखर वाईट वाटले.

आता त्या विमानप्रवासाविषयी, ज्यासाठी मी हे सगळे लिहायला बसले. ऑस्लोच्या गार्डरमोएन विमानतळावरून रात्री साडेनऊच्या सुमारास आम्ही नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या ट्रोम्सो शहराला निघालो. अंतर सुमारे पावणेदोन तासांचे, दिशा उत्तरेची, किंचित पूर्वेकडे कललेली. पुन्हा डावीच खिडकी, कारण जूनमध्ये त्या वेळी सूर्य वायव्येला असतो. उड्डाणाच्या वेळी तो क्षितिजाच्या जरा वर, आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी अर्धा-पाऊण तास असतो तसा होता आणि मी नकळत तो मावळण्याची वाट पाहू लागले. दहा वाजले. साडेदहा वाजले. तो मावळला नाही. ऑस्लोत एव्हाना सूर्यास्ताची वेळ होत आली होती, पण आम्ही उत्तरेकडे जात होतो, आणि जितके उत्तरेला जावे तितका त्या दिवसांत सूर्य रात्री वर राहतो. घड्याळ त्याला खाली ओढत होते आणि विमान त्याला वर उचलत होते. खाली बर्फाचे पट्टे असलेले डोंगर, त्यांमधली काळसर तळी आणि दूर डावीकडे किनाऱ्यावरचे सुळके, सगळे तांबूस उजेडात न्हालेले. सुमारे ६६.५ अंश अक्षांशाची आर्क्टिक वृत्ताची रेषा ओलांडल्याचे वैमानिकाने सांगितले, तेव्हा यजमानांनी काही न बोलता माझा हात हातात घेतला. किती वर्षे मी फळ्यावर पृथ्वीचा तो कललेला अक्ष काढत होते, साडेतेवीस अंश लिहीत होते, मुले वहीत उतरवून घेत होती; आणि आज तो कल मला खिडकीतून दिसत होता.

सव्वाअकराच्या सुमारास ट्रोम्सोला उतरलो. विमानतळ शहराच्याच बेटावर, पश्चिमेच्या खाडीला लागून आहे. जिन्यावरून खाली येताना प्रत्येक माणसाची सावली त्याच्या उंचीच्या दहापटीहून लांब पडली होती. ग्रुपमधील सर्वांत गप्प राहणारे एक गृहस्थ बॅग खाली ठेवून दोन्ही हातांनी स्वतःच्या सावलीला हात करत होते. तिथल्या कर्मचाऱ्यांना अशा पाहुण्यांची सवय असावी. कोणी आम्हाला घाई केली नाही. बस बेटाच्या पोटातून खोदलेल्या बोगद्यातून शहराकडे गेली. या बोगद्यांच्या आत चक्क गोल चौक आहेत, आणि ते पाहून यजमान पुन्हा खिडकीला चिकटले.

दुसऱ्या रात्री रोपवेने ४२१ मीटर उंचीच्या स्टूरस्टाइनेन या डोंगरमाथ्यावर जायचे होते. तिथे टूर लीडर सर्वांना बारा वाजता फोटोसाठी उभे करत होता, पण सूर्य सर्वांत खाली येतो तो बाराला नव्हे. उन्हाळी वेळेमुळे आणि ट्रोम्सोच्या रेखांशामुळे ती वेळ पाऊण वाजण्याच्या आसपास येते. आम्ही काही जण थांबलो. क्षितिजापासून जेमतेम तीन अंशांवर सूर्य उत्तरेकडे सरकत आला, खाली न टेकता तसाच उजवीकडे गेला आणि हळूहळू चढू लागला. साधारण २० मे ते २२ जुलै इथे हे रोज घडते.

स्टॉकहोमला जाताना ऑस्लोत विमान बदलावे लागले आणि आर्लांडाला उतरलो तेव्हा आभाळ भरलेले होते; त्या प्रवासाविषयी सांगण्यासारखे काही नाही. स्टॉकहोम ते हेलसिंकी पुन्हा रात्रीचे जहाज. निघाल्यापासून कितीतरी तास ते बेटांच्या गर्दीतूनच वाट काढत असते. स्टॉकहोमच्या द्वीपसमूहात लहानमोठी मिळून सुमारे ३०,००० बेटे आहेत, आणि काहींवर एकच लाल घर, एक धक्का, एक होडी एवढाच संसार दिसतो. रात्री घड्याळ एक तास पुढे करायचे. सकाळी हेलसिंकीत शिरताना १७४८ पासून बांधलेल्या सुओमेनलिन्ना या सागरी किल्ल्याच्या तटाजवळून जहाज इतक्या अरुंद वाटेने जाते की, तटावर बसलेल्या माणसांचे चेहरे ओळखू यावेत.

परतीचे विमान हेलसिंकीहून दोह्याला आणि तिथून मुंबईला, तेही बहुतांश रात्रीचे. मुंबईत पाऊस लागून राहिला होता आणि उतरण्याआधी विमानाने समुद्रावर दोन-तीन फेऱ्या मारल्या.

ही सहल करू इच्छिणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी टूर कंपनीला काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. ऑस्लो ते ट्रोम्सो विमान संध्याकाळी उशिराचे आहे की दुपारचे, आणि ते थेट आहे की नाही. कोपनहेगन ते ऑस्लो जहाज आहे की विमान. ट्रोम्सोला एकच रात्र असेल, तर ढगाळ हवेत मध्यरात्रीचा सूर्य हुकू शकतो, म्हणून दोन रात्री मिळतात का. दोन सहलींच्या किमतीत थोडा फरक असेल आणि स्वस्त सहलीत जहाजाऐवजी विमान किंवा संध्याकाळऐवजी दुपार असेल, तर मी महाग सहल निवडीन आणि हवे तर एखादे संग्रहालय सोडून देईन. उत्तरेकडे जाणाऱ्या विमानात जागा डावीकडच्या खिडकीचीच मागावी. परतीच्या दिशेने सकाळी निघत असाल, तर सूर्य त्याच बाजूला पूर्वेकडे असतो, तेव्हा डोळ्यांवर ऊन नको असेल तर उजवी बाजू बरी.